इतवारीला गायनमंडळात घ्यायचं की नाही

१७ नोव्हेंबर, रविवार

आज इतवारी चर्चमध्ये आला.

एवढं लिहून मी उठले, चहा केला, सावकाश प्याले आणि परत येऊन वाचलं. वाक्य तेच आहे. एकोडीचा इतवारी, बोडीत, म्हणजे गावच्या तळ्यात, मासे धरणारा, आमच्या साकोलीच्या चर्चच्या दारातून आत आला. इस्त्रीचा शर्ट, केसांना चोपडून तेल, मागे त्याची बायको रेवताबाई. आला तो थेट पहिल्या बाकावर बसला. नवीन माणूस मागे बसतो, जरा बघतो, मग हळूहळू पुढे सरकतो. अशी रीत आहे.

हा इतवारी कोण, ते लिहून ठेवते. त्याचं म्हणणं असं, की आपल्याला पहाटे बोडीवर जाळं टाकायला जायचं असतं, तेव्हा दिवेलागण झाली की गावाने आवाज करू नये. भजनाची झांज त्याने विहिरीत टाकली. परसरामच्या भीमगीतांच्या पार्टीचा ढोलक फोडला. एका वरातीतल्या बँडवाल्याचा कर्णा गुडघ्यावर ठेवून वाकवला. जात पाहिली नाही, धर्म पाहिला नाही, सगळ्यांना सारखा न्याय. कोविडच्या आधीच्या नाताळात आमचं गायनमंडळ एकोडीला गेलं तेव्हा आमची पाळी आली. माझ्या पुढ्यातली पेटी त्याने ओढली आणि चौकातल्या ओट्यावर आपटली.

ती पेटी बाबांची. बाबा प्रचारक होते. सायकलच्या मागे पेटी बांधून अख्खा तालुका फिरायचे. मी नर्सची नोकरी लागल्यावर पहिल्या सुट्टीत त्यांच्याकडूनच वाजवायला शिकले. नागपूरच्या माणसाने पेटी पुन्हा जोडून दिली. गायनमंडळ मात्र जोडलं गेलं नाही. त्या नाताळानंतर आम्ही गावोगाव गाणी म्हणायला गेलोच नाही.

मला त्याच्याबद्दल राग नाही. मी त्याला केव्हाच माफ केलं आहे. पण गाण्यात एवढा मोठा आवाज काढायची काय गरज होती? आणि तो सगळ्यांच्या एक ओळ मागे असतो. आम्ही 'आमेन' म्हणून थांबलो, तेव्हा तो एकटा शेवटची ओळ गात होता, डोळे मिटून.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी कामिनी आली. माझी मैत्रीण, गायनमंडळातला दुसरा आवाज आणि गावातल्या बातम्यांचा पहिला. म्हणाली, "इतवारी तीन-चार महिन्यांपासून आपल्या अनुप पास्टरकडे येणं-जाणं करून राहिला. मला ठाऊक होतं."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुझं बीपी वाढलं असतं."

माझं बीपी उत्तम आहे. ती गेल्यावर मोजलं. जरा वाढलेलं होतं, पण ते निवडणुकीच्या भोंग्यांमुळे. काल संध्याकाळपर्यंत गल्लीतून गाड्या फिरत होत्या.

२४ नोव्हेंबर, रविवार

आज अनुप पास्टरने इतवारीला साक्ष द्यायला उभं केलं. म्हणजे देवाने आपल्यात काय बदल केला, ते सगळ्यांसमोर सांगायचं. बोलायची सवय नसलेला माणूस, मला वाटलं दोन वाक्यांत बसेल. तो बराच वेळ बोलला. जसं बोलला तसंच लिहिते.

"मी मोठा खराब मानूस होतो जी. माहं जाळं रस्त्यावर वाळू घातलं होतं, त्याच्यावर पास्टरसायबाची गाडी चढली. मी त्यायले काई बोलू देल्लो नाई. सिधा नालीत ढकललो. पांढरे कपडे काळे झाले. मी हासलो. मंग थोड्याच दिवसानं बोडीत माह्या पायात काच घुसली. मी म्हनलो, का होते काचेनं? पाय सुजला, ताप चढला. रेवता दारोदार गेली. गावातला एक मानूस मले गाडीवर बसवाले तयार नाई. त्यायचं बी बराबर होतं. मंग हे पास्टरसायब आले. मले वाटलं, मारायले आले. मी खाटेवरूनच काठी धरली. हे म्हनले, काठी ठेव, माह्या गळ्यात हात टाक. भंडाऱ्याले नेलं. तिथं राहिले. माह्या पायाचा पू पुसला यायनं. मी रोज इचारो, तुमी काहून आले? हे म्हनत, आधी बरा हो. सुट्टी झाली त्या दिवशी म्हनले, इतवारीभाऊ, मी बी नालीतच होतो, मले प्रभूनं काढलं, तू तिथं कसा पडला असं त्यानं इचारलं नाई. मंग मी रडलो जी. बाप मेला तवा रडलो नोतो."

मग रेवताबाई जागेवरूनच म्हणाली, "आता चहा मांगतात त 'दे ना जरा' म्हनतात. मले पयले वाटलं, ताप डोक्यात गेला."

सगळे हसले, आणि हसता हसता बरेच जण डोळे पुसू लागले. कामिनी तर नाक शिंकरत होती. मी इतवारीच्या पायाकडे बघत होते. जखम चांगली भरली आहे. साखर तपासली की नाही, ते विचारायला हवं होतं.

उपदेशात अनुप म्हणाला, दयेला रांग नसते, आधी आलेल्याला आधी आणि जास्त असं देवाच्या घरी चालत नाही. अनुप चांगला मुलगा आहे, पण त्याने कधी दवाखान्याची ओपीडी सांभाळलेली नाही. मी सांभाळली. रांग नसली की जो जोरात ओरडतो तो आधी आत जातो.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी दार उघडलं तर पायरीवर पळसाच्या पानांत गुंडाळलेले मासे. ताजे झिंगे. ओला वास अजून बोडीचाच. कोण ठेवून गेलं असेल ते कळायला ज्योतिषी नको.

मी ते तसेच उचलून कामिनीकडे नेऊन दिले.

"तुला नकोत?" ती म्हणाली.

"माझा त्याच्यावर राग नाही. पण मला त्याच्याकडून काही नको."

"बरं," ती म्हणाली आणि लगेच कांदा कापायला घेतला. संध्याकाळी तिच्या घरून झिंग्यांच्या रश्शाचा वास माझ्या स्वयंपाकघरापर्यंत येत होता. मी वरण-भात जेवले.

१ डिसेंबर, रविवार

आगमनकाळाचा, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांचा, पहिला रविवार. अनुपने जाहीर केलं, की या वर्षी गायनमंडळ पुन्हा गावांना जाणार. पहिलं गाव एकोडी, कारण रेवताबाईने आग्रहाने बोलावलं आहे. "आणि पुढाकार अर्थातच ज्योत्सनासिस्टर घेतील." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला खूप बरं वाटलं. लपवत नाही.

"नावं कोण देतंय?" अनुपने विचारलं.

पहिला हात इतवारीचा. वर, सरळ, शाळेतल्या मुलासारखा.

मी टिपण करण्याचं नाटक केलं आणि दुसरीकडे पाहिलं.

४ डिसेंबर, बुधवार

तालीम. गाणी सगळ्यांच्या लक्षात आहेत. आधी बाबांनी बांधलेलं गोठ्याचं गाणं सुरू केलं. ते त्यांनी धानाच्या बांधावर बसून रचलं होतं. त्यामुळे त्यातल्या गोठ्यात तणसाचा, भाताच्या पेंढ्याचा ढीग आहे आणि म्हशी आहेत. बेथलेहेमात म्हशी होत्या का, असं कुणी विचारलं की बाबा म्हणायचे, आपल्या गावात जन्मला असता तर असत्याच ना.

दुसऱ्या कडव्याला दारातून आवाज आला. इतवारी बाहेरच्या पायरीवर बसून गात होता. एक ओळ मागे. माझा ताल चुकला. मी पेटी बंद करून म्हटलं, आज एवढंच. कामिनीने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

८ डिसेंबर, रविवार

शेवटी बोलावं लागलं. आराधना संपल्यावर तो आवारातल्या कडुनिंबाखाली माझ्यासमोर येऊन उभा राहिला. टोपी हातात. पूर्वी मी या माणसाला मुलाबाळांसकट टोचलं आहे, तेव्हा मी त्याला 'तू' म्हणत असे. आज 'तुम्ही' म्हटलं.

"सिस्टरबाई," तो म्हणाला, "मले तुमच्यासंग बोलाचं होतं. त्या पेटीचं."

मी त्याला पुढे बोलूच दिलं नाही. म्हटलं, "त्याची काही गरज नाही. मी तुम्हाला केव्हाच माफ केलं आहे. माझ्या मनात काही नाही. पण गायनमंडळात तुम्हाला घेता येणार नाही. तुमचा आवाज तालात बसत नाही. राग मानू नका."

त्याने टोपी डोक्यावर ठेवली. मग म्हणाला, "नाई जी, राग कायचा. बरं हाये. मंग मी पेटी उचलतो. एकोडीपर्यंत कोनी तरी उचलाच लागन ना?"

मी 'बरं' म्हटलं आणि घरी आले. सगळं शांतपणे, सभ्यपणे झालं. मी एकही कडू शब्द वापरला नाही. तरी दुपारी झोप लागली नाही. बहुतेक अनुपच्या घरच्या भज्यांचं तेल जुनं होतं.

१३ डिसेंबर, शुक्रवार

कामिनी उसवलेला ब्लाउज घेऊन शिवायला आली, आणि बोलून गेली ती भलतंच.

"ज्योत्सना, तू माफ केलं म्हणतेस, तर त्याला बोलू का दिलं नाहीस?"

"माफ केल्यावर बोलायचं काय उरतं?"

"तेच विचारून राहिली मी. तुझं उरलं नाही, त्याचं उरलं असेल तर?"

मी मशीन जोरात चालवली. ती थांबली नाही. म्हणाली, "तू त्याला माफी अशी दिली, जशी आपण दारावर आलेल्याला आतूनच 'पुढे जा' म्हणतो."

शिलाई वाकडी गेली. उसवून पुन्हा घालावी लागली. कामिनी कधी कधी फार बोलते.

१५ डिसेंबर, रविवार

प्रभूची प्रार्थना म्हणताना आज क्षमेच्या ओळीवर, जशी आम्ही दुसऱ्यांना क्षमा करतो तशी आम्हाला कर, तिथे मी अडखळले. कळायला लागल्यापासून म्हणत आले, कधी शब्द विसरले नाही. सगळे पुढे गेले आणि मी एक ओळ मागे राहिले. शेजारच्या बाकावरून इतवारीचा आवाज येत होता, तोही एक ओळ मागे. म्हणजे ती ओळ आम्ही दोघांनीच बरोबर म्हटली.

थंडी वाढली आहे. घसा बसला असेल.

१७ डिसेंबर, मंगळवार

आजचा दिवस सविस्तर लिहायचा आहे. दुपारी झोपले नाही, तरी थकवा नाही.

आम्ही उन्हं उतरताना एकोडीला पोचलो. धान घरात आलं आहे, अंगणं मोकळी, सगळीकडे तणसाचे ढीग. पूर्वीच्या रीतीप्रमाणे पहिलं घर परसरामचं. परसराम भीमगीतांची पार्टी चालवतो, आणि त्याच्या अंगणासारखं मोठं अंगण गावात नाही. पूर्वी आम्ही आलो की तो स्वतः खाट ओढून बसायचा, गाणं आवडलं की पुन्हा म्हणायला लावायचा.

"जय भीम, सिस्टरबाई!" तो फाटकापर्यंत आला. "किती वर्षानं आले जी! या, या. पार्वता, चटया टाक!"

त्याची बायको पार्वताबाई आतून चटया घेऊन आली. आम्ही एकेक आत शिरलो. सर्वांत मागे इतवारी, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पेटी. परसरामने त्याला पाहिलं आणि फाटक पुढे लोटलं.

"बाकी सर्वे या. हा बाहेर राहीन."

अनुप म्हणाला, "परसरामभाऊ, तो आता आमच्यासोबत आहे. बदलला आहे."

"राहो ना. त्याले त्याचा मार्ग सापडला, चांगलं झालं. मी का त्याचा राग धरून हाओ? मी त्याले कवाच माफ केलं. पन माह्या अंगनात नाई. तो ढोलक माह्या बापाच्या हातचा होता." मग तो माझ्याकडे वळला. "तुमाले त ठाऊकच हाये, सिस्टरबाई. तुमची बी पेटी होती."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मला त्याचं म्हणणं अगदी पटलं. माझ्या ओठांवर वाक्य तयार होतं, की इतवारी, पेटी ठेवा आणि बाहेर थांबा. बोलायची वेळच आली नाही. तो आधीच पेटी उतरवत होता. झोपलेलं मूल खाटेवर ठेवावं, तशी त्याने ती फाटकाच्या आत चटईवर ठेवली आणि हात मागे घेतला.

"बरं हाये जी," तो म्हणाला. "मी बाहेर बसतो. गानं बाहेर बी आयकू येते."

'बरं हाये.' हेच शब्द त्याने मलाही म्हटले होते.

"थांबा, परसरामभाऊ," मी म्हटलं. "माफ केलं म्हणता आणि अंगणात येऊ देत नाही. मग माफ काय केलं?"

हे मी बोलले, आणि माझ्याच कानांनी ऐकलं. मागे कामिनीला जोराचा खोकला आला.

परसराम चिडला नाही. शांतपणे म्हणाला, "तुमी केलं का जी? खरं सांगा. या सर्व्यायसमोर."

मी आयुष्यभर पेशंटांना खरंच सांगत आले, सुई टोचताना 'दुखणार नाही' एवढं सोडून. इतवारी फाटकाबाहेर, पेटी फाटकाच्या आत, आणि मी मध्ये.

"नाही," मी म्हटलं. "अजून नाही केलं, परसरामभाऊ. नुसतं तोंडाने केलं. तुम्हीही तोंडानेच केलेलं दिसतंय. आपण दोघं एकाच वॉर्डातले पेशंट आहोत."

पार्वताबाई फिसकन हसली आणि पदर तोंडावर धरला. दुसरं कुणी हसलं नाही.

मग इतवारी बोलला. फाटकाच्या दांड्यावर हात ठेवून, आत न येता.

"परसरामभाऊ, तुमी माफ करा अशी माही जबरदस्ती नाई. मले फक्त सांगू द्या. ढोलक फुटला तवा तुमी खाली बसून कातडं हातानं जुळवत होते. जुळत नोतं, तरी जुळवत होते. मी पाहून हासलो. ते मले रोज दिसते. मले झोप पायजे म्हनून मी सर्व्यायचे वाजे फोडले. मंग सारं गाव चूप झालं, तरी मले झोप नाई आली."

तो माझ्याकडे वळला.

"अन् सिस्टरबाई, तुमी रडले नाई. तुमी पेटीच्या पट्ट्या वेचून पदरात भरल्या. एक पट्टी माह्या पायाखाली होती. तुमी चारही कडे धुंडत होते. मले मालूम होतं. मी पाय उचललो नाई."

ही गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नव्हती. कामिनीलाही नाही, प्रार्थनेतही नाही. पेटी आपटली ते सगळ्यांनी पाहिलं, पण त्या पट्टीवर तो पाय देऊन उभा होता, ते मला दिसलं होतं. दिसूनही मी त्याला 'पाय उचल' म्हटलं नाही, कारण त्याच्यापुढे वाकायचं नव्हतं. एवढी वर्षं माझ्या मनात पेटी नव्हती. तो पाय होता. आणि मला वाटायचं, त्याला ते आठवतही नसेल. त्याला आठवत होतं. माझ्याइतकंच. कदाचित जास्त.

"इतवारी," मी म्हटलं, "ये. आत ये."

मी जाऊन त्याचा हात धरला. सवयीने मनगटच धरलं, नाडी बघतात तसं. ती घोड्यासारखी धावत होती. "मी तुला माफ केलं," मी म्हटलं. हेच वाक्य मी या वहीत किती सहज लिहिलं होतं. आज ते तोंडातून निघायला वेळ लागला.

इतवारी पोरासारखा रडायला लागला. मीही जरा रडले. धानाच्या धुळीने डोळे चुरचुरतात.

परसरामला कुणी काही म्हटलं नाही. अनुपनेसुद्धा उपदेश केला नाही, आणि ते त्याने फार शहाणपणाचं केलं. शेवटी पार्वताबाई चहाची केटली घेऊन मध्ये उभी राहिली.

"अजी, चहा थंडा होऊन राहिला. त्याले आत घेता का मी बाहेर नेऊन देऊ?"

परसरामने कान खाजवला. "माफीचं मी पाहीन," तो म्हणाला. "ते आज होत नाई माह्याच्यानं. पन चहा त पिऊ दे त्याले. ये गा." मग फाटक उघडता उघडता म्हणाला, "ढोलकापासून दूर बसजो."

एकदम सगळेच हसले. इतवारी रडता रडता हसला आणि खरोखरच अंगणाच्या पार त्या टोकाला, कोंबड्यांच्या खुराड्याजवळ जाऊन बसला.

आम्ही गोठ्याचं गाणं सुरू केलं. मी इतवारीला म्हटलं, "गा. तू पण गा." तो गायला, एक ओळ मागे, गावभर ऐकू जाईल असा. दोन कडवी झाली, तिसऱ्याला परसराम उठला, आतून नवा ढोलक घेऊन आला आणि मांडी घालून बसला. "हे ऐकवत नाई मले," म्हणाला, "याले ताल पायजे." त्याने थाप मारली आणि चौथ्या कडव्यापर्यंत इतवारीला ढोलकाने ओढून ओढून आमच्या ओळीवर आणलं. पाचवं आम्ही सगळ्यांनी एकत्र संपवलं. शेजारपाजारचे लोक कुंपणाशी गोळा झाले होते. पोरं तणसावर चढून बसली होती. परत म्हणताना म्हशींची ओळ आली तेव्हा परसरामची म्हैस ओरडली, आणि त्यावर इतके हसलो की गाणं पहिल्यापासून म्हणावं लागलं.

पुढच्या घरी जाताना पेटी उचलायला इतवारी पुढे आला. मी म्हटलं, आता तू गाणारा आहेस, उचलायला अनुप आहे. अनुपने निमूटपणे उचलली.

१८ डिसेंबर, बुधवार

पायरीवर पुन्हा पळसाची पानं. या वेळी मरळ. कामिनीला अर्धी दिली. तिला ते फारसं आवडलं नाही.

दुपारी प्रार्थनेला बसले. नेहमी मी देवाला यादी सांगते. आज काही सुचलंच नाही, नुसती बसून राहिले. मी तर त्याला माफी द्यायला उभी राहिले होते, आणि परत आले ती मीच काहीतरी घेऊन. काय, ते नीट सांगता येत नाही. अनुपला विचारावं म्हटलं, पण तो लगेच त्याचा उपदेश करेल.

बीपी अगदी नॉर्मल. मशीन बिघडली असेल म्हणून दोनदा घेतलं.

२५ डिसेंबर, बुधवार. नाताळ

चर्च भरून बाहेर मंडप टाकावा लागला. परसराम आणि पार्वताबाई आले होते. "पाहुना म्हनून आलो जी," तो दारातच म्हणाला, "अन् याच्या तालासाठी." ढोलक सोबत होताच. इतवारी त्याच्यापासून तीन माणसं सोडून बसला होता. गाणी संपता संपता पाहिलं, तर मध्ये एकच माणूस उरला होता.

केक वाटताना परसरामने स्वतःच्या हाताने एक तुकडा इतवारीच्या पानात टाकला. इतवारीने तो बराच वेळ खाल्ला नाही, नुसता बघत राहिला. मग रेवताबाईने त्याला कोपर मारलं तेव्हा खाल्ला.

५ जानेवारी, रविवार

आज एकोडीच्या बोडीत इतवारी आणि रेवताबाईचा बाप्तिस्मा झाला.

सकाळी पाण्यावर धुकं होतं. आम्ही सगळे बोडीच्या काठावरच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, शाली गुंडाळून उभे. परसरामही आला होता, गळ्यात ढोलक नव्हता, नुसता बघायला. ज्या पाण्यात इतवारी रोज कमरेपर्यंत उभा राहून जाळं टाकतो, त्यातच तो आज रिकाम्या हातांनी उतरला. अनुपला पाण्याची सवय नाही, तो चिखलात घसरला, तर इतवारीनेच त्याला दंडाला धरून सावरलं. दोघं तसेच एकमेकांना धरून खोल पाण्यापर्यंत गेले. अनुपने त्याला पाण्याखाली घेतलं आणि वर काढलं. इतवारी वर आला, तोंडावरचं पाणी पुसलं, चारही बाजूला पाहिलं, जणू बोडी पहिल्यांदाच बघत होता. मग रेवताबाई उतरली. ती बाहेर आली तेव्हा हसत होती आणि दात वाजत होते. मी माझी शाल काढून तिच्या अंगावर टाकली.

शेकोटी पेटली. अनुपने ओल्या कपड्यांतच विचारलं, "आणखी कुणाला साक्ष द्यायची आहे?"

हे तो नेहमी विचारतो. मी कधी उठत नाही. मी प्रचारकाची मुलगी, पाळण्यापासून चर्चमध्ये. माझ्याकडे सांगण्यासारखं काय असणार?

आज मी उभी राहिले. माझ्या पायांना ते माझ्या आधी कळलं असावं.

"माझं नाव ज्योत्सना," मी म्हटलं. ते सगळ्यांना ठाऊक होतं. "मी जन्मापासून चर्चमध्ये आहे. प्रभूने मला मागच्या महिन्यात एकोडीत गाठलं."

पुढे काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. शेकोटीत काटक्या तडतडत होत्या, पाळीवर सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मला एक शब्द सुचेना. तशीच उभी राहिले.

रेवताबाई सरकली. अंगावरची शाल उघडून तिने अर्धी माझ्या खांद्यावर घातली आणि मला हाताला धरून शेकोटीजवळ खाली बसवलं.

"झालं जी, सिस्टरबाई," ती म्हणाली. "एवढंच असते."